खडकवासल्याच्या काठाने रोड बाइक : मार्ग, वेळा, गिअर आणि खाचखळगे

मुठाकाठ
पुण्यात नांदेड सिटीत राहतो. नवी रोड बाइक आहे. शिमानो १०५ चा अकरा गिअरचा सेट (आर७०००), पुढे ५०/३४ दात, मागे ११-२८ दातांची कॅसेट (मागच्या चक्रांचा गठ्ठा), टायर २५ मिमीचे, रिम ब्रेक (चाकाची कड पकडणारे). वजन ७० किलो. शनिवार-रविवारी सकाळी खडकवासल्याच्या बाजूला जायचं आहे. तीन गोष्टी विचारायच्या होत्या.
१. नांदेड सिटीपासून साधारण ३०, ६० आणि १०० किलोमीटरचे मार्ग कोणते धरावेत?
२. जलाशयाला पूर्ण फेरी मारता येते का?
३. सिंहगडाचा घाट ११-२८ वर होईल का, की कॅसेट बदलावी?

चढउतार
आधी मार्ग. आकडे ढोबळ आहेत, एखाद-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतील.

३० किमी : नांदेड सिटी, किरकटवाडी, खडकवासला गाव, धरण, चौपाटी, गिरीनगर, डोणजे फाटा, खानापूर आणि परत. चढ किरकोळ. नव्या सायकलची सीट, हँडल, क्लीट (बुटाखालची, पायडलमध्ये अडकणारी पट्टी) बसवून घ्यायला हाच रस्ता बरा, कारण काही बिघडलं तर घर जवळ.

६० किमी : तोच रस्ता पुढे पानशेतपर्यंत. खानापूर, मालखेड, सोनापूर, रुळे करत जायचं. डोणजे फाट्यापर्यंत गर्दी, त्यापुढे खरी सायकल. उजव्या हाताला पाणी सोबत करतं आणि रस्ता सतत वरखाली होत राहतो. एकही चढ मोठा नाही, पण एकही किलोमीटर सपाट नाही. पहिल्या वेळी सगळे चढ पुढच्या मोठ्या चक्रावर (चेनरिंगवर) रेटले की परतीला मांड्या उरत नाहीत. चढ दिसायला लागला की पायथ्याच्या आधीच पुढे ३४ वर या. चढाच्या मध्यावर जोर लावून पुढची साखळी खाली टाकली की ती आतल्या बाजूला फ्रेमवर उतरते.

१०० किमी : खानापूरहून डावीकडे रांजणे, पाबे घाट, पाबे, विंझर, मार्गासनी, नसरापूर, मग सातारा रस्त्याने खेड शिवापूर आणि जुना कात्रज घाट. तिथून नवले पुलाकडून घरी. हा बंद गोल आहे, आलेल्या वाटेने परतावं लागत नाही.

सिंहगडाचं वेगळं लिहितो.

शिवणेकर
पूर्ण फेरीचं उत्तर : असं धरूच नका. उत्तरेच्या काठाचा मोठा भाग एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) ताब्यात आहे आणि आतले रस्ते आपल्यासाठी नाहीत. नकाशाच्या ॲपने आतून रेघ मारली तरी फाटकावरून परत यावं लागतं. तळ्याचे दोन काठ म्हणजे दोन वेगळे मार्ग समजा.

दक्षिण काठ म्हणजे वर चढउतार यांनी दिलेला पानशेत रस्ता. उत्तरेकडचा म्हणजे शिवणे, उत्तमनगर, कोंढवे धावडे आणि तिथून एनडीएच्या कुंपणाबाहेरचा बहुली रस्ता : कुडजे, मांडवी, सांगरुण, बहुली. वाहनं पानशेत रस्त्याच्या मानाने फारच कमी. डांबर मात्र गावागणिक बदलतं, त्यामुळे इथे २८ चे टायर सुखाचे. वाटेत दुकानं विरळ आहेत. दोन बाटल्या, दोन ट्यूब आणि पंप घेतल्याशिवाय निघू नका.

दोन्ही काठ धरणाच्या भिंतीखालच्या पुलावरून जोडता येतात. कोथरूड, कर्वेनगर, वारजेकडच्या लोकांनी सिंहगड रस्त्यावर जाऊच नये. शिवण्यावरून कोंढवे धावडे आणि पूल ओलांडून थेट खडकवासला गावात.

बावीस_इंची
शिवणेकर, शेवटच्या मुद्द्याला विरोध. उत्तमनगरचा रस्ता अरुंद आहे. सकाळी सहाला दुधाचे आणि भाजीचे टेम्पो डाव्या कडेला उभे असतात, सायकलला दर शंभर मीटरवर उजवीकडे यावं लागतं. सिंहगड रस्त्यावर गर्दी जास्त, पण रुंदी आहे आणि वाहनांच्या हालचालीचा अंदाज येतो. सहाच्या आत निघणार असाल तर सिंहगड रस्ताच बरा.

शिवणेकर
सहाच्या आत निघत असाल तर मान्य. सातनंतर नाही. धागाकर्ते नांदेड सिटीत राहतात, त्यांना तसाही हा प्रश्न पडत नाही.
एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. नांदेड गाव आणि शिवणे यांना जोडणारा नदीवरचा जुना ठेंगणा पूल धरणातून विसर्ग वाढवला की पाण्याखाली जातो. जुलै ते सप्टेंबर निघण्याआधी विसर्गाची बातमी बघा. पाणी ओसरल्यावरही दोन दिवस पुलावर बुळबुळीत गाळ असतो, त्यावर बारीक टायर उभा राहत नाही.

स्पोकताई
मुठाकाठदादा, वेळेचं आधी ठरवा, मार्गाचं नंतर. शनिवार-रविवारी चौपाटीवर गाड्यांची रांग दहाच्या सुमारास लागायला सुरुवात होते, पावसाळ्यात त्याच्याही आधी. त्या रांगेत उलट बाजूने ओव्हरटेक करणाऱ्या गाड्या हा या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे. परतताना नऊच्या आत चौपाटी ओलांडलेली असावी, या हिशोबाने निघायची वेळ काढा.

६० किमीला नवशिक्याने २२ चा वेग धरला तर पावणेतीन तास, थांबा धरून सव्वातीन. म्हणजे पावणेसहाला घर सोडायला हवं. जूनमध्ये सहाला उजाडतं, जानेवारीत सात वाजून जातात. हिवाळ्यात पहिला तासभर अंधारच असतो. पुढचा दिवा नुसता लुकलुकणारा नको, रस्ता दिसेल असा हवा. खडकवासला गाव आणि गिरीनगरच्या आसपासचे गतिरोधक अंधारात ऐन वेळी दिसतात.

परतीचं एक कोणी सांगत नाही. जाताना तोंड पश्चिमेला, ऊन पाठीला. परतताना साडेसात-आठचं ऊन थेट डोळ्यांत. ते आपल्याला जितकं लागतं तितकंच मागून येणाऱ्या गाडीवाल्यालाही लागतं, आणि आपण त्याच्या समोर उन्हाच्या रेषेत असतो. म्हणून मागचा लाल दिवा दिवसाउजेडी, परतताना, सर्वांत प्रखर लुकलुकीवर.

वारा_समोरून
स्पोकताई +१. वाऱ्याचंही तेच. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्य-पश्चिमेकडून, म्हणजे पानशेतला जाताना छातीवर आणि येताना पाठीवर. जाताना वेग १९-२० वर आला तर घाबरू नका आणि भरून काढायलाही जाऊ नका. मार्च-मेमध्ये सकाळी शांत असतं, दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो.
उघड्या पाण्याच्या कडेला, झाडी संपते त्या ठिकाणी, झोत एकदम आडवा बसतो. उंच कडांची चाकं असतील तर तिथे हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकावर) ठेवा.

चढउतार
आता सिंहगड.

डोणजे फाट्यावरून डावीकडे डोणजे, मग गोळेवाडीचा वनखात्याचा नाका. नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत साधारण ९ किमी, उंची साधारण ६०० मीटर. सरासरी चढ साडेसहा टक्के पडतो, पण सरासरीवर जाऊ नका. मध्ये कोंढणपूरला फुटणारा रस्ता आहे, गडाची वाट तिथून वेगळी होते, आणि त्यापुढच्या वळणांत दहा टक्क्यांचे तुकडे आहेत.

गिअरचं गणित. ७००×२५ च्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर.
३४/२८ ला एका पायडल-फेरीत २.५५ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर ताशी ९.२ किमी.
३४/३४ ला एका फेरीत २.१ मीटर. त्याच लयीला ताशी ७.६ किमी.

स्वार, सायकल, पाणी मिळून ८० किलो धरा. ३४/२८ वर ६० ची लय राखायला सरासरी दीडशे वॉट लागतात, ३४/३४ वर १२०-१२५. दहा टक्क्यांच्या तुकड्यात हेच आकडे २१० आणि १७५ होतात. दीडशे वॉट तासभर देता येत असतील तर ११-२८ पुरेल. नसतील तर लय ४५ वर येते, गुडघ्यावर ताण जातो आणि सातव्या किलोमीटरला पाय टेकतात. होत नाही असं नाही, पण गुडघ्याची किंमत देऊन कशाला?

कॅसेट बदला.

साखळीकर
बदला, पण नुसती कॅसेट घेऊन येऊ नका. आर७००० चा मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) दोन प्रकारांत येतो. आखूड केजचा (खाली लोंबणाऱ्या पट्टीचा) एसएस कमाल ३० दात घेतो, लांब केजचा जीएस ३४. ११-२८ सोबत आलेल्या सायकलवर बहुतेक एसएस असतो. डिरेलरच्या आतल्या बाजूला अक्षरं कोरलेली असतात, वाचून घ्या.

एसएस असेल तर दोन वाटा. ११-३० कॅसेट, बाकी काही न बदलता. किंवा ११-३४ कॅसेट, जीएस डिरेलर आणि नवी साखळी. जुनी साखळी ३४ ला आखूड पडते. पुढचं आणि मागचं सर्वांत मोठं चक्र जुळलं की केज पुढे ताणला जाऊन हँगर (डिरेलर जिथे टांगतात तो फ्रेमचा तुकडा) वाकतो, कधी तुटतो. मोजण्याची रीत : साखळी डिरेलरमधून न घेता पुढच्या ५० आणि मागच्या ३४ वरून गुंडाळायची, टोकं जिथे भेटतील त्यापुढे दोन कड्या जास्त ठेवायच्या, बाकी तोडायची.

मग बी-टेन्शन स्क्रू. मोठ्या कॅसेटला डिरेलरची वरची पुली (छोटं चक्र) दातांना घासते, करकर आवाज येतो. मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर साखळी ठेवून पुली आणि दात यांत ५-६ मिलिमीटर फट येईपर्यंत स्क्रू आत घ्या. फट जास्त ठेवली तर गिअर आळशी पडतात.

मुठाकाठ
पाहिलं, एसएसच आहे. ११-३० घेतली तर किती फरक पडेल?

चढउतार
३४/३० ला एका फेरीत २.३८ मीटर, ६० च्या लयीला ताशी ८.६ किमी, १४० वॉटच्या आसपास. म्हणजे ३४ च्या अर्ध्याहून कमी फायदा. दोन महिने पानशेत रस्ता केल्यावर तेवढा पुरेल. आत्ताच गड हवा असेल तर ३४.

बावीस_इंची
चढाची एवढी चर्चा, उताराची कोणीच करत नाही. रिम ब्रेकवर सिंहगड उतरणं चढण्याइतकंच शिकण्यासारखं आहे.

८० किलो वजन ६०० मीटर खाली येतं तेव्हा साधारण ४७० किलोज्यूल ऊर्जा सुटते. दीड लिटरला थोडं कमी इतकं पाणी उकळायला लागते तेवढी. काही वाऱ्यात जाते, उरलेली रिम आणि ब्रेकच्या रबरात. ब्रेक सतत हलका धरून उतरलात तर रिम थंड व्हायला वेळच मिळत नाही. सरळ पट्ट्यात सायकल सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक ठाम दाबून वेग उतरवा, वळणात शिरताना सोडून द्या. वळणात बाहेरचा पाय खाली आणि वजन त्याच्यावर. नजर वळणाच्या शेवटावर.

वळणांत बारीक खडी वाहून आलेली असते, तीही नेमकी सायकल जिथून जाते तिथे. वरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी जीप वळणात मध्यरेषा सोडून येतात, तेव्हा वळण कापायचं नाही. झाडीखालच्या पट्ट्यांत पावसाळ्यात शेवाळ. कार्बन रिम आणि ओला घाट ही जोडी टाळा.

स्पोकताई
पावसाळ्यात गडाच्या घाटात दरडी येतात आणि रस्ता बंद केला जातो. चालू आहे की नाही ते आदल्या दिवशी कळून घ्या. आणि धुकं असेल तर घाटात जाऊच नका. पंधरा-वीस मीटरवर जीपला सायकल दिसत नाही, दिवा असला तरी.
शिवाय ओल्या रिमवर ब्रेक दाबल्यावर चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या नुसत्या पाणी पुसण्यात जातात. सोडून-दाबून रिम कोरडी ठेवायची सवय लावा.

कणीसप्रेमी
वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मटक्यातलं दही यांबद्दल एकही शब्द नाही? धागा अपूर्ण आहे.

चढउतार
दही आधी, पिठलं-भाकरी घरी येऊन. पोटभर पिठलं खाऊन वाकलेल्या बैठकीत नऊ किलोमीटर उतरणं पोटाला झेपत नाही. चढताना मात्र तासाला ७५० मिली पाणी आणि मीठ-साखर लागतेच. गोळेवाडीला बाटल्या भरलेल्या हव्यात. वर माकडं आहेत, हँडलवर लटकवलेली केळी राहणार नाहीत.

पंक्चरशास्त्री
टायरचं लिहितो, कारण या पट्ट्यात घरी लवकर परतलेल्या सायकली बहुतेक पंक्चरमुळेच परततात.

हवा : ७० किलोला २५ च्या टायरमध्ये मागे ८५-९०, पुढे ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). पावसात पाच कमी. २८ बसत असतील तर मागे ७०-७५. बसतात का ते बघायला टायर आणि ब्रेकच्या कमानीत निदान ४ मिमी फट हवी. फट कमी असेल तर ओला मुरूम अडकून चाकच जाम होतं.

पंक्चरची कारणं इथे दोनच : बाभळीचा काटा, आणि ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार. ही तार कळीचा मुद्दा आहे. ट्यूब बदलली, निघालात, दोन किलोमीटरवर परत हवा गेली, तर समजा तार टायरमध्येच आहे. ती बाहेरून दिसत नाही, बोटालाही नेहमी लागत नाही. ट्यूब काढण्याआधी टायरवरचा छाप व्हॉल्व्हच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवा. ट्यूब फुगवून गालाजवळ फिरवा, हवेची झुळूक जिथे लागेल तिथे भोक. ट्यूब टायरवर तशीच धरून त्या जागेच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा किंवा मोज्याचं टोक फिरवा. धागा अडकला की तिथे तार. नखाने ढकलून बाहेरच्या बाजूने चिमट्याने ओढा. दोन मिलिमीटरचा तुकडा निघतो.

पॅच लावताना सोल्यूशन लावून पाच मिनिटं थांबा. बोटाला चिकटणं बंद झाल्यावरच पॅच. ओलं असताना लावलेला पॅच ८० पीएसआयला सुटतो. पावसात रस्त्याकडेला पॅचच्या नादी लागू नका, ट्यूब बदला.

साखळीकर
यातच जोड. ओल्या रस्त्यावरून आलात की ब्रेकचे रबर काढून बघा. त्यात वाळू आणि रिमच्या ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले असतात. टाचणीने उकरून काढा, नाहीतर ते रिम कानशीसारखी घासतात. साखळी कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब पावसाळी तेल. दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल नुसती धूळ धरतं.

वारा_समोरून
सिमेंटच्या रस्त्यांबद्दल. दोन पट्ट्यांच्या मधली लांब फट २५ चा टायर पकडते. अर्धवट काम असेल तिथे पट्टे एक-दीड इंच खालीवर असतात. त्या कडेवर तिरकं, हळूहळू चढायला गेलं की चाक कडेला घासून घसरतं आणि माणूस उजवीकडे, रहदारीत पडतो. मागे बघून हात दाखवा, वेग कमी करा आणि कड निदान ४५ अंशांत ओलांडा. जमत नसेल तर उतरून ओलांडा.

बावीस_इंची
थोडं अवांतर. धरणाचं मूळ बांधकाम १८७९ च्या सुमाराचं, तळ्याला इंग्रज अमदानीत लेक फाइफ म्हणत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. ६० किमीचा हा मार्ग म्हणजे त्या लोंढ्याची वरची वाट आहे. पानशेतच्या भिंतीपाशी वळताना दोन मिनिटं थांबून खालचं खोरं बघा. रस्त्याचे वळसे कोणामुळे पडले ते कळतं.

स्पोकताई
काका, हे छान सांगितलंत. आणि हेच पाणी अजूनही पुणं पितं. काठावर चेन-क्लीनर वापरून सायकल धुणं, एनर्जी जेलची पाकिटं टाकणं हे कृपा करून कोणी करू नये. पाकीट जर्सीच्या खिशात मावतं.

मुठाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं ठरवतो : पहिले चार आठवडे खानापूर, नंतर सहा आठवडे पानशेत, ११-३४ आणि जीएस डिरेलर बसवून मग सिंहगड. १०० किमी दिवाळीनंतर. पाबे घाटाचा गोल उलटा, म्हणजे कात्रजकडून जाऊन खानापूरला उतरून केला तर चालेल का? महामार्ग सकाळी लवकर संपेल.

चढउतार
क्रम बरोबर. दिशा मात्र उलटी नको.
उलट गेलात तर खानापूरला उतरेपर्यंत साडेदहा होतात. म्हणजे ८५ किलोमीटर झालेल्या पायांनी चौपाटीच्या भर गर्दीत. शिवाय महामार्गाची पहाट अंधाराची, आणि कात्रजचा जुना बोगदाही अंधारातच गाठावा लागतो. सुलट गेलात तर डोणजे फाटा साडेसहाला मागे पडतो आणि पाबे घाट थंडाव्यात चढून होतो. महामार्गावर उशीर झाला तरी डावीकडे सेवा रस्ता बऱ्याच ठिकाणी मिळतो.

शिवणेकर
सुलट जाताना पाबे खिंडीतून उतरल्यावर लगेच जोर लावू नका. विंझर, मार्गासनीच्या पट्ट्यात चढउतार आहेत आणि ऊन तोंडावर. नाश्ता मार्गासनीच्या आधी नको, नसरापूरनंतर नको. शिवापूरपासून कात्रजच्या बोगद्यापर्यंत परत चढ आहे. तिथे पोचताना एक बाटली भरलेली असावी.

साखळीकर
आणि नवी साखळी, कॅसेट बसवल्यावर केबल पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरमध्ये ताणली जाते. पानशेतच्या दोन फेऱ्यांनंतर गिअर अडखळायला लागतील. घाबरू नका, मागच्या डिरेलरपाशी केबलचा बॅरल (ताण जुळवायचा गोल नट) पाव-पाव फेरी बाहेर फिरवत जा. हे सगळं सिंहगडाच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी उरका.